स्पर्धेच्या रंगमंचावरून पडद्यावरच्या आईपर्यंत

मराठीत 'चरित्र अभिनेत्री' म्हटलं की आई, सासू, आत्या, शेजारीण अशा भूमिका डोळ्यांपुढे येतात. मराठवाड्यातून आलेल्या अभिनेत्रींचा विचार करताना मात्र उलट टोकापासून सुरुवात करावी लागते. इथे ही कामं वय झाल्यावर मिळत नव्हती, ती विशीतच गळ्यात पडायची.

कारण साधं आहे. १९१३ साली 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच करण्याला प्रतिष्ठा दिली. पण या घडामोडी मुंबई-पुण्याकडच्या. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ मध्ये सुरू झाली, तेव्हाही हा भाग हैदराबाद राज्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे हौशी संघांना स्पर्धेचं दार उघडलं. संघ उभे राहिले, पण नाटकात काम करायला घरून परवानगी मिळालेल्या मुली मोजक्याच. पंचावन्न-साठीची बाई नाटकात असेल तर ती करायला पंचावन्न-साठीची बाई मिळणं त्याहून कठीण. मग कॉलेजातल्याच मुलीच्या केसांना पांढरं लावायचं.

इथेच खरं शिक्षण झालं, आणि चुकाही इथेच व्हायच्या. केसांत नुसती पावडर भरली की पहिल्या अंकातच ती खांद्यावर सांडते आणि गडद लुगड्यावर लगेच दिसते. त्यापेक्षा पांढरा रंग ओल्या ब्रशने कानशिलं आणि भांगाजवळच्या बटांवर ओढावा, बाकीचे केस तसेच ठेवावेत. सुरकुत्या काळ्या पेन्सिलीने काढल्या तर पुढच्या रांगेतून चेहरा मळलेला वाटतो. तपकिरी रेघ काढून तिची एक कड बोटाने पुसायची, म्हणजे सावली पडल्यासारखी दिसते. सर्वात मोठी चूक म्हणजे कमरेत वाकणं आणि आवाज थरथरवणं. दहा मिनिटांनी कंबर आपोआप सरळ होते आणि थरथर विसरली जाते. वय गुडघ्यातून आणि श्वासातून आणावं: बसण्याआधी हात आधार शोधतो, उठताना वाक्य मध्येच तुटतं. नऊवारी, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, नेसून तालमीत किमान आठवडाभर वावरलं नाही तर प्रयोगात पाय ओच्यात अडकतो. पदराचंही तसंच. डोक्यावरून घसरलेला पदर बोलता बोलता, न बघता सावरता आला पाहिजे.

भाषेचा मुद्दा मात्र आजही दुखरा आहे. पडद्यावर 'ग्रामीण' म्हणून जी बोली ऐकू येते ती बहुतेकदा कोल्हापूर-साताऱ्याची असते. लातूर-बीडकडची बाई 'काय करायलीस?', 'कुठं जायलास?' असं विचारते. क्रियापदाचं हे रूप सोडून नुसतं 'व्हय-न्हाय' पेरलं की धाराशिवच्या (पूर्वीच्या उस्मानाबादच्या) प्रेक्षकाला पहिल्याच वाक्यात खोट कळते. मराठवाड्यातल्या अभिनेत्रीची ही उपजत पुंजी आहे आणि व्यावसायिक निर्मितीत ती फार कमी वापरली गेली, हे नुकसान आहे.

औरंगाबादला विद्यापीठ १९५८ मध्ये आलं. पुढे तिथे नाट्यशास्त्र विभाग सुरू झाला आणि कमलाकर सोनटक्के यांच्यासारखे प्रशिक्षित शिक्षक मिळाल्यावर हौसेला पद्धत मिळाली. १९८० च्या दशकात याच शहरातल्या तरुण रंगकर्मींची 'जिगीषा' ही संस्था पुढे आली आणि मुंबईला गेली. प्रशांत दळवी यांनी लिहिलेलं आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेलं 'चारचौघी' १९९१ मध्ये रंगमंचावर आलं. आई आणि तीन मुली, चौघींचीही कामं तोलामोलाची. एरवी 'सहायक' म्हणून बाजूला पडणाऱ्या वयाच्या बाईला, दीपा श्रीराम यांनी केलेल्या आईला, इथे नाटकाच्या मध्यभागी जागा होती. धाकटी विनी केली ती औरंगाबादच्याच प्रतीक्षा लोणकर यांनी.

लोणकरांची पुढची वाटचाल या प्रवासाचा नमुनाच आहे. दूरदर्शनवरच्या 'दामिनी' या दैनंदिन मालिकेत पत्रकार नायिका म्हणून त्या महाराष्ट्राच्या घराघरात पोचल्या. आणि २००५ मध्ये नागेश कुकुनूर यांच्या 'इक्बाल' या चित्रपटात त्या क्रिकेटवेड्या, मूकबधिर मुलाची आई होत्या.

रंगमंचावरून कॅमेऱ्यापुढे जाताना काय बदलावं लागतं? नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत वाक्याचं शेवटचं अक्षर पोचवायचं असतं. तीच सवय क्लोजअपमध्ये ओरडल्यासारखी ऐकू येते. कपड्यांत लपवलेला छोटा माइक बांगड्यांचा आणि कडक नव्या सुती साडीचा आवाज आधी पकडतो, म्हणून साडी दोन-तीनदा धुवून मऊ करून घ्यावी. नाटकात प्रत्येक प्रयोगाला हालचाल थोडी वेगळी चालते. कॅमेऱ्यापुढे तोच प्रसंग आधी लांबून, मग जवळून पुन्हा चित्रित होतो, आणि कपबशी कोणत्या शब्दावर उचलली, पदर कोणत्या खांद्यावर होता हे तंतोतंत जुळावं लागतं. नाही जुळलं तर संकलक तो तुकडा टाकून देतो, आणि बहुतेकदा त्यात चरित्र अभिनेत्रीचाच चांगला क्षण जातो, कारण कात्री शक्यतो नायकाला लागू देत नाहीत.

तिचं खरं काम मात्र ऐकण्याचं. समोरचा बोलत असताना तिच्यावर कॅमेरा येतो, तेव्हा पुढचं वाक्य आठवत बसलेली नटी डोळ्यांत पकडली जाते. 'इक्बाल'सारख्या चित्रपटात मुलगा बोलतच नाही. आईने त्याचे हात वाचायचे आणि खुणांनीच उत्तर द्यायचं. शब्दांची लय हाताशी नसताना उत्तर देण्याआधीचा क्षण नेमका किती लांबवायचा, हे तालमीतच पक्कं व्हावं लागतं.

'चारचौघी' २०२२ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं. आईच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी होत्या, आणि लोणकरांची विनी पर्ण पेठेकडे आली.