सह्याद्रीतील शांत रस्त्यांवरची सायकल भटकंती

सह्याद्रीच्या खोऱ्यांतून आणि घाटमाथ्यावरच्या गावरस्त्यांवरून, मोटारींची वर्दळ टाळत, सामान सायकलवरच बांधून केलेला एका किंवा अनेक दिवसांचा प्रवास. शर्यतीशी त्याचा संबंध नाही. ब्रेव्हेशी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीशीही फारसा नाही, कारण तीत २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत संपवायचे असतात. त्या हिशेबाला रुंद हमरस्ताच परवडतो. भटकंतीत दिवसाला ४० ते ६० किलोमीटर झाले तरी पुष्कळ होतात. बरेचदा तेवढेही होत नाहीत, कारण मध्ये करवंदांची जाळी लागते.

युरोपात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलींसाठी वेगळ्या वाटा केल्या आहेत. सह्याद्रीत तसे काही नाही. इथे रस्ता शांत असतो तो बहुतेक वेळा पुढे कुठेच जात नाही म्हणून. कृष्णा, नीरा, मुठा, पवना या नद्या सह्याद्रीच्या मुख्य डोंगरधारेजवळ उगम पावून पूर्वेकडे वाहतात, आणि धारेतून पूर्वेलाच फुटलेल्या डोंगररांगा त्यांची खोरी एकमेकींपासून वेगळी करतात. पवन मावळ, आंदर मावळ, कानद खोरे, हिरडस मावळ ही नावे अशाच खोऱ्यांची. खोऱ्याच्या तोंडाशी बाजारपेठ असते, तिथून रस्ता नदीच्या किंवा धरणाच्या कडेने वर सरकतो आणि शेवटच्या वाडीपलीकडे कड्यावर संपतो. खाली कोकण दिसते, पण चाकांनी उतरायला वाट नसते. कोकणात उतरणारी वाहतूक माळशेज, बोर, ताम्हिणी, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली अशा मोजक्या घाटांत एकवटते. दोन घाटांच्या मधली खोरी त्यामुळे मोकळी राहतात, आणि सायकलवाल्यांचा खरा मुलूख तोच.

असा रस्ता ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली मुक्कामी एसटी. शेवटच्या गावात रात्री उभी राहणारी ही बस भल्या पहाटे खाली जाते आणि अंधार पडताना परत येते. काही रस्त्यांवर मोठे वाहन म्हणावे असे दिवसभरात तेवढेच, त्यामुळे टपरीवर चहा घेताना बसची वेळ विचारून घेतली की दिवसाची आखणी झाली. दुसरी खूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसते. कापणीनंतर अर्ध्या रस्त्यावर भात वाळत घातलेले असते, कडेला दगडांची ओळ लावलेली असते आणि काठी घेऊन एखादी आजी कोंबड्या हाकत बसलेली असते. जिथे आजीला डांबरावर भात पसरायची भीती वाटत नाही, तिथे सायकल चालवायला हरकत नाही. दगडांच्या ओळीला चाक लावू नये, एवढे पथ्य पाळावे.

नमुना म्हणून आंदर मावळ घेता येईल. पुणे-लोणावळा लोहमार्गावरच्या कान्हे स्थानकावर उतरून उत्तरेला वळले की टाकवे लागते. तिथवर कारखान्यांचे ट्रक सोबत असतात. पुढे वडेश्वरच्या बाजूला गेल्यावर आवाज एकेक करून गळू लागतात: आधी ट्रक, मग मोटारी, मग मोटरसायकलीही, आणि शेवटी स्वतःच्या साखळीचा आवाज ऐकू यायला लागतो. तेल घालायचे राहिले आहे, हे बहुतेकांना इथेच कळते. रस्ता ठोकळवाडीच्या जलाशयाच्या कडेने वळणे घेत खांडीकडे जातो. कान्हे ते खांडी अंतर २५ ते ३० किलोमीटर भरते. हे धरण टाटांच्या जलविद्युत योजनेत १९२२ साली पुरे झाले. आंद्रा नदी पूर्वेला वाहणारी, पण तिचे अडवलेले पाणी पश्चिमेला कड्याखाली भिवपुरीच्या वीजघरात सोडले जाते. रस्ता जे करू शकला नाही, ते पाण्याने केले आहे. माणसांसाठी कुसूरची जुनी घाटवाट आहे, ती पायी उतरायची. मोबाइलचा नकाशा मात्र अशा घाटवाटेलाही कधीकधी रस्ता समजतो आणि सायकलवाल्याला थेट कड्यावर आणून उभा करतो. अशा वेळी गुराखी विचारतो, ‘‘पुढं कुठं निघालात? पुढं रस्ता न्हाय.’’ नकाशापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवावा.

याच जातीचे रस्ते आणखी आहेत. वाईहून धोम आणि बलकवडी धरणांच्या कडेने महाबळेश्वरच्या पायथ्याशी असलेल्या जोरला जाणारा रस्ता कृष्णेच्या उगमाखालीच अडतो. आंबोलीहून चौकुळला जाणारा रस्ता सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावरचा आहे. भंडारदऱ्याचा रस्ता थोडा वेगळा: प्रवरेवरच्या विल्सन धरणाच्या (१९२६) जलाशयाला तो पुरता वळसा घालतो. घाटघर, साम्रद आणि अमृतेश्वराच्या देवळाची रतनवाडी घेत जाणारा हा फेरा सुमारे ४० किलोमीटरचा आहे, आणि संथपणे पाहायला एक अख्खा दिवस लागतो. सर्वांत एकाकी बहुधा रघुवीर घाट असावा. खेड तालुक्यातल्या खोपीवरून तो शिंदीला चढतो आणि कांदाटी खोऱ्यात उतरतो. कोयना धरणाचे पाणी पसरल्यावर या खोऱ्यातल्या गावांचा घाटमाथ्याशी असलेला जमिनीवरचा संबंध तुटला. पलीकडच्या तापोळ्याला जायचे तर लाँच गाठावी लागू लागली.

घाट म्हटले की नवख्याच्या पोटात गोळा येतो, पण मोठे घाट चढायला तितकेसे अवघड नाहीत. पूर्वी बोर घाटातून माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जाई. १८३० मध्ये तिथे गाडीरस्ता खुला झाला. भरलेली बैलगाडी ओढता यायची तर चढ बेताचाच ठेवावा लागतो. पुढेही डोंगरी रस्त्यांसाठी २० मीटरला एक मीटर, म्हणजे पाच टक्के, हे प्रमाण रूढ झाले. या हिशेबाने ६०० मीटर उंची गाठायला १२ किलोमीटर लागतात. सामानासह ताशी सात किलोमीटरने गेले तर पावणेदोन तास, आणि त्यासाठी लागणारी ताकद सपाटीवर मध्यम वेगाने जाताना लागते तेवढीच. पुढे ३० दातांची आणि मागे ३४ दातांची चकती असली की पायडल मिनिटाला साठ वेळा फिरवून हा वेग राखता येतो. पट्टीचे चढ वेगळेच असतात. ते वाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर भेटतात. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने पुष्कळ पायवाटांवर आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांवर डांबर आले. रुंदी तीन-पावणेचार मीटर, आणि जागा कमी म्हणून चढ सरळ अंगावर येणारा. तिथे उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा मानत नाहीत. गमतीत तिला ‘ढकलगाडी’ म्हणतात.

उतार चढापेक्षा धोक्याचा. वळणावर सुटी खडी असते, मोरीजवळ डांबर खचलेले असते आणि म्हशी रस्त्याच्या मधोमध बसलेल्या असतात. रिम ब्रेक सतत दाबून धरले की रिम तापते. दोन्ही ब्रेक आळीपाळीने मारत उतरावे. सामानात दोन ट्यूब, पंप, पाने आणि साखळीचा एखादा जोड हवाच, कारण पंक्चरवाला बाजाराच्या गावी असतो आणि ते गाव बरेच मागे पडलेले असते. पाण्याचा प्रश्न हापशावर सुटतो. मुक्कामाला देऊळ किंवा शाळेचा व्हरांडा मिळतो, पण आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना विचारावे. न विचारता पथारी पसरली की रात्री कुत्री आणि माणसे दोन्ही उठतात.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम. पावसाळ्याचे आकर्षण सगळ्यांनाच असते, पण महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, दरडी कोसळतात आणि वरंध घाटासारखे रस्ते त्या काळात अनेकदा वाहतुकीला बंद केले जातात. शिवाय पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीत धुके कुठले आणि मोटारींचा धूर कुठला हे कळत नाही. रस्ता संपतो तिथे शांतता असतेच, असेही नाही. भीमाशंकरचा रस्ता देवळाशी संपतो आणि श्रावणी सोमवारी मुंगी शिरायला जागा नसते. वेल्ह्यापलीकडच्या मढे घाटात धबधब्यापायी तेच होते. भंडारदऱ्यालाही मेअखेरीस काजवे पाहायला इतक्या मोटारी येतात की त्यांच्या दिव्यांपुढे काजवे दिसेनासे होतात. एकच रस्ता मंगळवारी आणि रविवारी दोन वेगळ्या जगांतला असतो. नोकरदाराला रविवारच मोकळा, त्याने पहाटे पाचला निघून दहाच्या आत परतीला लागावे.

या भटकंतीत एक अवघडलेपण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पाहुण्याला हवाहवासा वाटणारा संपलेला रस्ता गावकऱ्याला नकोसा असतो. आजाऱ्याला झोळीत घालून खाली न्यावे लागते, अकरावी-बारावीसाठी मुले तालुक्याला राहतात, आणि मुक्कामी एसटी एक दिवस चुकली की दूध वाया जाते. रस्ता पुढे कोकणाला जोडावा ही मागणी अशा खोऱ्यांतून होते आणि ती रास्तच आहे. जोडला की वर्दळ वाढते. भुईबावडा घाट एरवी निवांत, पण शेजारचा करूळ घाट कामासाठी बंद झाला की त्याची सगळी वाहने इकडे वळतात आणि त्याच अरुंद वळणांवर ट्रकांमागे ट्रक लागतात. सायकलवाले मग मुकाट दुसरा फाटा शोधतात. नकाशावर धारेजवळ जाऊन तुटलेली एखादी बारीक रेघ सापडतेच, फक्त तिथे शेवटची बस किती वाजता पोहोचते ते आधी फोनवर विचारून घ्यावे लागते.