संघबदल आणि क्रमवारीचे भाकीत (एनबीए)

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये दर उन्हाळ्यात, आणि पुन्हा फेब्रुवारीत, खेळाडू संघ बदलतात. कोणी अदलाबदलीत जातो, कोणी जुना करार संपवून दुसरीकडे सही करतो, कोणी ड्राफ्टमधून (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची पद्धत) नव्याने येतो. त्यानंतर कोणता संघ किती सामने जिंकेल, आपल्या विभागात कितवा येईल आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, कुठवर मजल मारेल, याचा आकड्यांवरून बांधलेला अंदाज म्हणजे हे भाकीत.

लीगमध्ये ३० संघ आहेत, पूर्व आणि पश्चिम विभागांत प्रत्येकी १५. प्रत्येक संघ ८२ साखळी सामने खेळतो. विभागातले पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये जातात. सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना उरलेल्या दोन जागांसाठी प्ले-इन सामने खेळावे लागतात. प्लेऑफची प्रत्येक फेरी आधी चार सामने जिंकणाऱ्याची.

भाकिताचा पाया गेल्या वर्षीची विजयसंख्या नसून गुणफरक असतो, म्हणजे संघाने सरासरी किती गुण जास्त केले किंवा कमी. एक-दोन गुणांनी जिंकलेले सामने पुढच्या वर्षी तसेच हातून निसटू शकतात. गुणफरक त्यामानाने टिकाऊ. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या घातांवरून विजयांचे प्रमाण काढणारे सूत्र मांडले होते; ते बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डॅरिल मोरी यांनी आपल्या खेळाला लावले, तेव्हा घातांक १३.९१ ठेवला. रोजच्या वापरातला ठोकताळा याहून सोपा आहे: शून्य फरकाचा संघ ४१ सामने जिंकतो आणि पुढच्या प्रत्येक गुणामागे हंगामात सुमारे २.७ विजय वाढतात.

खरे काम सुरू होते ते मिनिटांच्या वाटणीपासून. एक सामना ४८ मिनिटांचा आणि मैदानात एका वेळी पाच जण, म्हणजे वाटायला २४० मिनिटे. नवा खेळाडू ३६ मिनिटे खेळणार असेल, तर ती कोणाच्या तरी वाट्यातून जातात. समजा, तो पूर्ण सामन्यामागे सरासरीपेक्षा ४ गुणांनी सरस आहे आणि ज्याची जागा घेतो तो १ गुणाने कमी. फरक ५ गुणांचा, पण तीन-चतुर्थांश वेळेपुरता, म्हणून ३.७५ गुण, सुमारे १० विजय. नुसत्या नावावर भाळून वीस विजय वाढवणारे नेमके इथे चुकतात. वय, दुखापतींचा इतिहास आणि संघातून गेलेल्यांचा वाटा हेही याच हिशेबात धरायचे.

बोस्टन सेल्टिक्सचे उदाहरण या शास्त्राचा आनंद देणारे आहे. २००६-०७ मध्ये त्यांनी २४ सामने जिंकले होते. संघातल्या पॉल पिअर्सच्या जोडीला केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन आले, आणि पुढच्या हंगामात ६६ विजय व विजेतेपद. गुणफरक १० च्या थोडा वर होता. ठोकताळा ६८-६९ सांगतो. तिघे तारे एकमेकांच्या पायात आले नाहीत, कारण गार्नेटचे मोठे मोल बचावात होते आणि ॲलनला चेंडू फार वेळ हातात लागत नसे.

लॉस एंजेलिस लेकर्सचे २०१२-१३ नेमके उलट. कोबी ब्रायंट आणि पाऊ गॅसोल यांच्या जोडीला ड्वाइट हॉवर्ड आणि स्टीव्ह नॅश आले, तेव्हा त्यांना विजेतेपदाचे दावेदार मानले जात होते. दुसऱ्याच सामन्यात नॅशचा पाय मोडला, पाच सामन्यांनंतर प्रशिक्षक बदलला, एप्रिलमध्ये कोबीच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. ४५ विजय, सातवा क्रमांक, आणि पहिल्या फेरीत सॅन अँटोनियोकडून ४-० हार. चेंडू एकच असतो. तो हातात ठेवून खेळणाऱ्यांची बेरीज कधीच पूर्ण भरत नाही.

प्लेऑफचे भाकीत वेगळे करावे लागते. तिथे प्रशिक्षक आठ-नऊ जणांवरच भिस्त ठेवतात आणि मुख्य खेळाडू चाळिशीच्या आसपास मिनिटे खेळतात, त्यामुळे बाकावरच्या दहाव्या-अकराव्या खेळाडूची किंमत जवळपास संपते. समोर तोच संघ पुन:पुन्हा येतो आणि कच्चा बचावपटू हेरला जातो. शिवाय शक्यतांचा गुणाकार निर्दय असतो. प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ६० टक्के असली तर एक फेरी जिंकण्याची सुमारे ७१ टक्के होते, पण चारही फेऱ्या ओळीने जिंकण्याची जेमतेम २५. सर्वांत बलाढ्य संघाला ‘विजेता’ म्हणण्याऐवजी टक्केवारी देणे हेच प्रामाणिक भाकीत.

मुदत कोणती धरायची, म्हणजे संघबदलाचा निकाल किती वर्षांनी जोखायचा, हा प्रश्न मात्र राहतोच. मुंबईत खेळून गेलेल्या दोन संघांचे उदाहरण तो नीट दाखवते. भारतातले पहिले एनबीए सामने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. याच दोन संघांत फेब्रुवारी २०२२ मध्ये मोठी अदलाबदल झाली: टायरीज हॅलिबर्टन इंडियानाला, डोमांतास सबोनिस सॅक्रामेंटोला. तरुण हॅलिबर्टनला सोडल्याबद्दल किंग्जवर कडक टीका झाली. पुढच्याच हंगामात किंग्ज ३० वरून ४८ विजयांवर गेले, पश्चिमेत तिसरे आले आणि १६ हंगामांनंतर प्लेऑफमध्ये पोहोचले. पेसर्स ३५ वर अडले. टीकाकार चुकले, असेच तेव्हा वाटले. पण २०२५ मध्ये पेसर्स अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटीविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेले. त्या सामन्याच्या पहिल्याच सत्रात हॅलिबर्टनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला, उन्हाळ्यात सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) माइल्स टर्नर मिल्वॉकीला गेला, आणि २०२५-२६ च्या तक्त्यात हॅलिबर्टनच्या नावापुढे शून्य मिनिटे लिहून पेसर्सचा हिशेब नव्याने मांडावा लागला.