पाण्यात राहूनही तापणारा ड्राइव्ह

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा चिकोडी-अथणीकडच्या गावांनी बचावाच्या रबरी बोटी पाहिल्या. अशा बोटींच्या मागे टांगलेलं असतं ते आउटबोर्ड इंजिन. त्याचा क्रँकशाफ्ट उभा असतो. ताकद सरळ खाली उतरते आणि प्रोपेलरपाशी एकदाच काटकोनात वळते. वळवणारी गिअरची जोडी कायम पाण्याखाली असल्यामुळे तिचं तेल थंड ठेवायला वेगळं काही करावं लागत नाही.

वेगवान मोटरबोटींच्या स्टर्नड्राइव्हचं गणित वेगळं आहे. 1959 मध्ये व्होल्वो पेंटाने ‘अ‍ॅक्वामॅटिक’ बाजारात आणला आणि ही रचना रुळली. इंजिन मोटारीसारखं आडवं, बोटीच्या आत. शाफ्ट मागच्या भिंतीतून बाहेर पडतो, वरच्या गिअरपेटीत काटकोनात खाली वळतो आणि तळाशी पुन्हा काटकोनात वळून प्रोपेलर फिरवतो. म्हणजे ट्रॅक्टरच्या क्राउन-पिनियनसारख्या दोन जोड्या. खालची पाण्यात बुडालेली. वरची मात्र बोट वेगात उचलली गेली की पूर्णपणे हवेत येते, तीही बोटीच्या भिंतीच्या आडोशाला. ताकद सर्वांत जास्त लागते नेमकी तेव्हाच.

उष्णता किती, ते मोजून पाहू. 500 हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे 373 किलोवॅट. वरच्या पेटीत त्यातले 2 टक्के वाया जातात असं धरलं, तरी साडेसात किलोवॅट होतात. घरातले 2 किलोवॅटचे जवळपास चार गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं. अशा ड्राइव्हमध्ये तेल असतं जेमतेम अडीच लिटर. सगळी उष्णता तेलातच राहिली तर ते दर सेकंदाला दीड अंशाने तापेल आणि मिनिटभरात शंभरी ओलांडेल. प्रत्यक्षात ॲल्युमिनियमचं कवच आणि आतलं पोलाद बरीच उष्णता शोषतं, म्हणून वेळ मिळतो. पण फार नाही. उसाची ट्रॉली ओढणाऱ्या 50 हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरच्या मागच्या धडात याच्या कितीतरी पट तेल असतं, हे आठवलं की ड्राइव्हची अडचण लक्षात येते.

तेल तापलं की पातळ होतं आणि दातांमधला तेलाचा पापुद्रा तुटतो. दात एकमेकांवर खरडू लागतात, त्यातून आणखी उष्णता. दर 10 अंश वाढीमागे तेल साधारण दुप्पट वेगाने खराब होतं. ऑइल सील कडक होतात आणि गळू लागतात.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत डायल लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजणाऱ्या कारागिराला यापुढची गोष्ट जास्त भिडेल. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. 100 मिलिमीटर अंतरावर 80 अंशांची वाढ झाली तर दोघांत सुमारे 0.09 मिलिमीटरचा फरक पडतो. शिम, म्हणजे गिअरची जागा ठरवणारी पातळ चकती, निवडताना आपण याच मापाच्या मागे असतो. म्हणजे थंड असताना अचूक बसवलेली जोडी तापल्यावर जागा सोडते, बेअरिंगचा ताणही बदलतो. दातांवरचा स्पर्शाचा ठसा एका कडेला सरकतो आणि सगळा भार तेवढ्याच कडेवर येतो. जोडणी चांगली असूनही दात तुटले, तर आमच्या मते आधी उष्णतेचा संशय घ्यावा.

उपाय साधा आहे: ड्राइव्हला आंघोळ घालायची. खाली, पाण्यात राहणाऱ्या भागावर पुढे तोंड असलेला छोटा चमचा बसवतात. तिथून नळी वर जाते आणि वरच्या पेटीभोवतीच्या भोकांच्या नळीतून पाणी कवचावर पडतं. पंप लागत नाही, वेगच पाणी ढकलतो. ताशी 50 किलोमीटरला चमच्याच्या तोंडावर सुमारे 1 बार दाब येतो, ताशी 100 ला जवळजवळ 4 बार, कारण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. साडेसात किलोवॅट वाहून न्यायला, पाणी 10 अंशांनी तापू दिलं तर, मिनिटाला 11 लिटर पुरे.

चुकतं ते चमच्याच्या जागेत. ड्राइव्ह फार वर बसवला किंवा ट्रिम, म्हणजे ड्राइव्हचा कोन, जास्त उचलला, तर चमचा फेसाळ पाण्यात येतो आणि नळीतून पाण्याऐवजी हवा जाते. दुसरी चूक म्हणजे तुंबलेली भोकं. समुद्रात मीठ साचतं. हिडकलसारख्या जलाशयात पावसाळ्यातला गाळ आणि शेवाळ. दर फेरीनंतर नळीत उलटं स्वच्छ पाणी सोडावं आणि प्रत्येक भोकातून धार येते का ते पाहावं. धार पेटीच्या टोपणावरही पडली पाहिजे, फक्त कडांवर नाही.

आंघोळ घालूनही भागत नसेल, तर पंपाने तेल बाहेर काढून कूलरमधून फिरवणं हाच मार्ग.

तपासणीला वरच्या पेटीचा रंग बघा. फुगला किंवा करपला असेल, तर पेटी बहुधा जास्त तापली आहे. इन्फ्रारेड गनने मोजताना चकचकीत धातूवर आकडा कमी दिसतो, म्हणून मॅट काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. तेल काढल्यावर ते काळं आणि करपट वासाचं असेल तर उष्णता, दुधाळ असेल तर पाणी शिरलं आहे. तेल सोडायच्या स्क्रूच्या मॅग्नेटवर बारीक लेप चालतो, कण किंवा चकत्या दिसल्या तर पेटी उघडायची. नवं तेल पंपाने खालच्या भोकातून वर भरायचं, वरच्या भोकातून बुडबुड्याविना येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू घट्ट करायचा आणि त्यानंतरच खालचा पंप काढायचा, म्हणजे तेल खाली सांडत नाही. दोन्ही वॉशर दर वेळी नवे.