दुःख सोसणारा सेवक (यशया ५३)

हिब्रू बायबलमधील यशया ग्रंथात (५२:१३ ते ५३:१२) वर्णिलेला, परमेश्वराचा अनाम सेवक. तो तुच्छ मानलेला व वेदनांनी पिळवटलेला आहे. वधाला नेलेल्या कोकरासारखा तो गप्प राहतो आणि इतरांच्या अपराधांचा भार वाहतो. येशूच्या मृत्यूचा अर्थ लावताना ख्रिस्ती परंपरेने जुन्या करारातील ज्या उताऱ्यांचा आधार घेतला, त्यांत याचे स्थान फार वरचे आहे.

यशयाचे ४० ते ५५ हे अध्याय इ.स.पू. सहाव्या शतकातील, यहुद्यांना बाबेल येथे भोगाव्या लागलेल्या बंदिवासाच्या अखेरीचे असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच काळातील पारसचा (इराणचा) राजा कोरेश (सायरस) याचा त्यांत नावानिशी उल्लेख आहे. बर्नहार्ट डूम या जर्मन पंडिताने १८९२ मध्ये या अध्यायांतून चार ‘सेवकगीते’ वेगळी काढली. प्रस्तुत उतारा त्यांतले चौथे गीत. हा सेवक कोण, हे मात्र ग्रंथ सरळ सांगत नाही. ४९:३ मध्ये तो इस्राएल, म्हणजे यहुदी प्रजा, आहे. दोनच ओळींनंतर त्याला इस्राएललाच परत आणण्याचे काम सोपवले जाते. पुढचा सगळा वाद या जागेतून निघतो.

नव्या करारात हा उतारा वारंवार येतो. पण त्याचा उपयोग अपेक्षेहून वेगळा आहे. मत्तय (८:१७) ‘त्याने आमचे विकार वाहिले’ या आशयाची ओळ येशूने रोगी बरे केले त्या प्रसंगाला लावतो. योहान आणि पौल ५३:१ उद्धृत करतात ते लोकांनी विश्वास ठेवला नाही हे सांगण्यासाठी. प्रेषितांची कृत्ये (अध्याय ८) येथे रथात बसून हाच भाग वाचणारा कूशी (आफ्रिकेतील कूश देशाचा) अधिकारी ख्रिस्ती प्रचारक फिलिप्प याला विचारतो, की संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी? प्रश्न नेमका आहे. गंमत अशी, की तिथे दिलेले अवतरण ‘माझ्या लोकांच्या अपराधामुळे’ या शब्दांच्या अगदी अलीकडे थांबते. इतरांच्या पापांसाठी सोसणे हा धागा ठळकपणे दिसतो तो पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:२१–२५), आणि तोही घरगुती दासांना सहनशीलतेचा धडा देताना. येशूच्या मृत्यूने माणसांच्या पापांची भरपाई झाली, हा प्रायश्चित्ताचा पुढील काळातील सिद्धान्त पहिल्या पिढीने या अध्यायातून तयार उचलला असे म्हणणे म्हणूनच धाडसाचे ठरेल. तो जोड हळूहळू घट्ट होत गेला.

यहुदी वाचनही एकसारखे नाही. अरामी भाषांतर असलेला योनाथानचा तार्गुम सेवकाला मशीहा (येणारा अभिषिक्त तारणारा) म्हणतो, पण त्याची दुःखे इतरांकडे वळवतो. हा सेवक म्हणजे विखुरलेली सबंध प्रजा, असे आपल्याशी वाद घालणारे यहुदी म्हणत, अशी नोंद तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने केली आहे. अकराव्या शतकातील भाष्यकार राशी याने हाच अर्थ मांडला. १२६३ च्या बार्सिलोना येथील यहुदी-ख्रिस्ती जाहीर वादात यहुदी पंडित नाहमानिदेस यानेही, काही मिद्राशांत (धर्मग्रंथांवरील जुन्या यहुदी विवरणांत) मशीहापर अर्थ आहे हे मान्य करून, खरा अर्थ इस्राएल हाच असे सांगितले.

कॅथलिक उपासनेत गुड फ्रायडेचे पहिले वाचन हेच असते. सिनेगॉगमधील (यहुदी प्रार्थनामंदिरातील) साप्ताहिक संदेष्टावाचनात आधीचे व नंतरचे भाग येतात, हा येत नाही. ख्रिस्ती दाव्यांमुळे तो मुद्दाम गाळला, असे काही जण म्हणतात. पण त्याला पुरावा नाही, आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांचा बराच मोठा भाग त्या क्रमाबाहेर राहिलेला आहे.