डबीवरचे ग्रॅम, पाकिटावरचे सेंटिमीटर

अमेरिकेत टॅम्पॉनची, म्हणजे मासिक पाळीत रक्त शोषण्यासाठी योनीत ठेवायच्या छोट्या शोषक गुंडाळीची, डबी हातात घेतली, की ‘रेग्युलर’, ‘सुपर’ या शब्दांच्या जोडीला ग्रॅमचे आकडे दिसतात : रेग्युलर ६ ते ९ ग्रॅम, सुपर ९ ते १२. दक्षिण कोरियातल्या दुकानांत टॅम्पॉन फार थोडे, पॅडच जास्त. त्यांच्या पाकिटांवर बहुधा लांबीचे सेंटिमीटर आणि मागच्या बाजूला घटकांची यादी असते. मासिक पाळी दोन्हीकडे सारखीच, तरीही वेष्टणावरचा मजकूर वेगळा आहे, कारण तो बऱ्याच अंशी त्या त्या देशाला बसलेल्या धक्क्यातून आलेला आहे.

अमेरिकेला हा धक्का १९८० साली बसला. अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये टॉक्सिक शॉक सिंड्रोम हा जीवघेणा आजार आढळू लागला आणि ‘रिलाय’ हा टॅम्पॉन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारातून मागे घेण्यात आला. या आजाराला कारण ठरणारे विष तयार करतो तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू, पण टॅम्पॉनची शोषणक्षमता जितकी जास्त तितका या आजाराचा धोका वाढतो, असे दिसून आले. तोवर एका कंपनीचा ‘सुपर’ दुसरीच्या ‘रेग्युलर’एवढाही असू शकत असे. म्हणून मोजमापाची एकच रीत ठरली आणि ती मोठी मजेशीर आहे : काचेच्या नळीत निरोध ताणून बसवतात, नळीत पाणी भरून त्याचा दाब निरोधावर बाहेरून देतात, आत टॅम्पॉन ठेवतात आणि त्यावर रंगीत मिठाचे पाणी ताशी ५० मिलिलिटर या वेगाने सोडतात. टॅम्पॉनमधून पहिला थेंब गळाला, की प्रयोग थांबतो. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे डबीवरचे ग्रॅम.

कोरियाचा धक्का २०१७ चा. तिथे पॅड कायद्याने ‘औषधसदृश वस्तू’ या वर्गात मोडतात, तर अमेरिकेत पॅड आणि टॅम्पॉन दोन्ही वैद्यकीय उपकरणे मानली जातात. पॅडमधून बाष्पनशील सेंद्रिय संयुगे, म्हणजे सहज वाफ होऊन हवेत मिसळणारी रसायने, बाहेर पडतात, असे एका चाचणीत दिसले आणि देशभर गदारोळ उठला. सरकारी तपासणीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये १० संयुगांचे प्रमाण धोकादायक नसल्याचे सांगितले, पण अस्वस्थता शमली नाही. ऑक्टोबर २०१८ पासून पाकिटावर सर्व घटक छापणे सक्तीचे झाले. अमेरिकेत अशी सक्ती केंद्रीय कायद्याने नव्हे, तर राज्यांच्या पातळीवर आली. न्यूयॉर्कने तसा कायदा २०१९ मध्ये केला.

इथे एक विसंगती मला खटकते. अमेरिकेतल्या ग्रॅमच्या आकड्यांनी निदान मूळ धोक्यावर, म्हणजे अतिशोषणावर, नेमके बोट ठेवले. कोरियातल्या यादीत कापूस, लगदा, शोषक पॉलिमर, गोंद ही नावे वाचायला मिळतात. परंतु ज्या बाष्पांमुळे ती यादी छापावी लागली, ती कोणी मुद्दाम घातलेली नसल्यामुळे घटक ठरत नाहीत आणि म्हणून यादीत येतही नाहीत.