वेड कुणी सिद्ध करायचं? कलम ८४ मागची गोष्ट

आरोपीच्या वकिलाने 'मनोविकलता' (म्हणजे कृत्याच्या वेळी मन ठिकाणावर नव्हतं म्हणून गुन्हा धरू नका, हा कलम ८४ चा बचाव) म्हटलं रे म्हटलं की लोक लगेच म्हणतात, झालं, वेड्याचं सोंग घेऊन सुटणार आता. म्हणून ही पार्श्वभूमी लिहितोय, कारण असं सुटणं अजिबात सोपं नाही.

सुरुवात लंडनची, जानेवारी १८४३. डॅनियल मॅकनॉटन नावाच्या स्कॉटिश सुताराला वाटायचं की टोरी पक्षाचे, म्हणजे तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाचे, लोक आपल्या जिवावर उठलेत. त्याने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सेक्रेटरी एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली, बहुतेक पीलच समजून. ज्युरीने वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं आणि राणी व्हिक्टोरियासकट सगळे खवळले, मग हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांनाच प्रश्न विचारले आणि त्या उत्तरांचे नियम झाले: प्रत्येक जण शहाणाच धरायचा, नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं, आणि बघायचं ते एवढंच की कृत्याच्या वेळी आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे त्याला कळत होतं का.

आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेत हे कलम ८४ म्हणून आलं, आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०५ ने सिद्ध करायचा भार आरोपीवर टाकला.

पण भार म्हणजे किती? माझ्या मते खरा कळीचा निकाल इथे आहे, १९६४ चा दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात. सुप्रीम कोर्ट म्हणालं की सरकारी पक्षाला गुन्हा वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावाच लागतो, आरोपीला मात्र दिवाणी दाव्यासारखं, पारडं आपल्या बाजूला झुकतंय एवढंच दाखवायचंय, आणि तेही जमलं नाही तरी त्याच्या पुराव्याने हेतूबद्दल वाजवी शंका आली तर फायदा त्यालाच. दह्याभाईचं अपील स्वतः फेटाळलं गेलं, पण तत्त्व राहिलं.

२००२ मध्ये महाराष्ट्रातल्या एका पोलीस कॉन्स्टेबलला याचा उपयोग झाला. बायकोच्या खुनाची केस, पण पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचे (खोटे संशय आणि भास होणारा गंभीर मानसिक आजार) उपचार आधीपासून चालू होते, घटनेनंतरही चालू राहिले. नुसतं निदान कोर्टाला पुरत नाही, त्या घटकेला समज होती का ते बघतात, आणि ती घटका कुणी पाहिलेली नसते म्हणून आधीचं-नंतरचं वागणं, दवाखान्याचे कागद यांवरून अंदाज बांधावा लागतो. इथे ते कागद होते. ज्या घरात आजार लपवतात, डॉक्टरकडे नेतच नाहीत, तिथे कोर्टात दाखवायला काय असणार?

१ जुलै २०२४ पासून कलम ८४ हे दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २२ झालंय, कसोटी तीच.