मांडणशिल्प

मांडणशिल्प : ठरावीक जागेत वस्तू, प्रकाश, ध्वनी किंवा चलत्‌चित्रे मांडून घडवलेली आणि प्रेक्षकाने त्या जागेत वावरून अनुभवायची कलाकृती. चौथऱ्यावरच्या शिल्पाला प्रेक्षक वळसा घालतो. इथे तो कलाकृतीच्या आतच उभा असतो. ‘इन्स्टॉलेशन’साठी ‘प्रतिष्ठापना’ हा पर्यायही वापरला जातो, पण त्याला मूर्तिपूजेचा संदर्भ चिकटलेला असल्याने, निदान गोव्यात चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत, घोटाळा अटळ. ‘मांडणशिल्प’ त्यातल्या त्यात बरा, जरी त्यात कोरलेले-घडवलेले काही नसले तरी चालते.

उगमाविषयी मतभेद आहेत. जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स याने हॅनोव्हरच्या आपल्या घरात साधारणपणे १९२३ पासून वाढवत नेलेली ‘मेर्त्सबाउ’ ही खोली व्यापणारी रचना (१९४३ च्या बाँबहल्ल्यात नष्ट) पुष्कळदा आरंभ म्हणून सांगितली जाते. परंतु ती मुळात राहत्या घरातली होती. मार्सेल द्यूशाँने १९३८ मध्ये पॅरिसच्या अतिवास्तववादी प्रदर्शनात छताला कोळशाची पोती टांगली (आकडा १,२०० असा दिला जातो) आणि १९४२ मध्ये न्यूयॉर्कला दालनभर दोरा ताणून चित्रांकडे जाणारी वाटच अडवली. प्रेक्षकाचे शरीर हिशेबात धरणारी ही उदाहरणे आजच्या अर्थाला अधिक जवळची वाटतात. अ‍ॅलन कॅप्रोने १९५८ च्या सुमारास अशा रचनांना ‘एन्व्हायरन्मेंट’ म्हटले. आजची संज्ञा त्यानंतर रुळली. भारतात १९९० च्या दशकाच्या आरंभी नलिनी मलानी, विवान सुंदरम (‘मेमोरियल’, १९९३) यांची कामे आली.

वस्तू बदलल्या तरी कृती तीच राहते, हे या प्रकाराचे मर्म. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस याच्या १९९१ मधील एका कृतीत खाऊच्या गोड गोळ्यांचा ढीग असतो. आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. प्रेक्षक गोळ्या उचलून नेतात, ढीग पुन्हा भरता येतो. अशा कृतीत मालकाकडे येते ते प्रमाणपत्र आणि मांडणीच्या अटी.

गोव्यात सुबोध केरकर यांनी समुद्रकिनाऱ्यावर केलेल्या रचना आणि त्यांनी २०१५ मध्ये पिळर्ण येथे उभारलेले म्युझियम ऑफ गोवा, तसेच २०१६ पासून पणजीत भरणारा सेरेंडिपिटी कला महोत्सव यांमुळे हा प्रकार परिचित झाला. महोत्सवासाठी आदिलशहाचा राजवाडा, जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत अशा जुन्या वास्तू वापरल्या गेल्या. अशा ठिकाणी खरी अडचण येते ती भिंतींची. चिरा (जांभा दगड) सच्छिद्र आणि चुन्याचा गिलावा ठिसूळ. ड्रिल मारले की स्क्रूचा प्लग सैल होतो, वारसा वास्तूत तर मारूच नये. म्हणून तळाला वजन दिलेली स्वतंत्र चौकट उभी करतात. खाऱ्या हवेत साधी लोखंडी तार लवकर गंजते आणि तिचे ओघळ कापडावर उतरतात. तिथे स्टेनलेस स्टील वापरावे. महोत्सवाच्या दिवसांत, डिसेंबरात, रात्री दव पडते, तेव्हा उघड्यावरची विजेची जोडणी जमिनीपासून वर हवी.

वजनाचा हिशेब तर हमखास चुकतो. समजा, दालनात वाळू पसरायची आहे. कोरडी वाळू घनमीटरला सुमारे १,६०० किलो भरते. १५ सेंटिमीटरचा थर दिला की चौरस मीटरवर २४० किलो पडले. घराच्या मजल्यासाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरण्याचा प्रघात आहे. जुन्या लाकडी तुळ्यांवर तेवढाही धरू नये. वाळू ओली झाली की भार आणखी वाढतो. उपाय साधा : खाली हलके फळ्यांचे बूड, वर दोन-तीन सेंटिमीटर वाळू. डोळ्यांना फरक कळत नाही.

गोव्यात गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला मांडणशिल्प म्हणावे का, यावरही दोन मते संभवतात. छताला लाकडी चौकट, तिला केवणीच्या किंवा कुंभ्याच्या सालीच्या दोरांनी बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, तवशी (काकड्या), चिबूड, निरफणस आणि रानातली फळे. जड घड आधी चार कोपऱ्यांना बांधावे लागतात, नाहीतर चौकट एका अंगाला कलते. तंत्र आणि नश्वरता, दोन्ही जुळतात. तथापि माटोळी देवासाठी असते, तिच्यावर कोणाची सही नसते आणि अटींचा कागद लागत नाही. काय, कुठे बांधायचे ते घरातले जाणते सांगतात. त्यामुळे तिला स्वतंत्र लोकपरंपरा मानणे अधिक योग्य. गोवा राज्याच्या कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत मात्र परीक्षक येतात, गुण पडतात, आणि ही सीमारेषा थोडी पुसट होते.